पोराचा पैसा, आईचा हात

मी गोदीत माल उतरवणारा माणूस. मॅट्रिकच्या पुढं शाळेनं मला पाहिलं नाय. म्हणून भाषण करत नाय, हिशेब मांडतो.

परवा आमच्या गल्लीतली एक बाई तान्हं पोर काखेला मारून कचेरीतनं तिसऱ्यांदा रिकामी परतली. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. साहेब म्हणाला, नाव दुरुस्त करून आणा. पोराला भूक कुठल्या नावानं लागते, हे तिनं विचारलं नाय. आपण विचारू.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात लिहिलंय, गरोदर बाईला किमान ६००० रुपये. २०१७ साली मातृवंदना योजना आली. पहिल्या पोराला ५०००, तेही हप्त्याहप्त्यानं. पुढं दुसऱ्या पोराला ६००० ठेवले, पण मुलगी झाली तरच. तिसरं पोर सरकारच्या वहीत जन्मतच नाय.

आता विलायतेचा हिशेब ऐका. तिथं एलिनॉर रॅथबोन नावाची बाई पंचवीसेक वर्षं एकच गोष्ट सांगत राहिली : पोरं वाढवणं हे काम आहे, त्याचा पैसा आईच्या हातात द्या. १९४५ च्या कायद्याच्या मसुद्यात पैसा बापाच्या नावावर होता. बाई भांडली, आईचं नाव घालून घेतलं. ६ ऑगस्ट १९४६ पासून दुसऱ्या पोरापासून पुढं दर पोरामागं आठवड्याला ५ शिलिंग सुरू झाले. ते बघायला ती राहिली नव्हती. त्याच जानेवारीत वारली. पहिलं पोर १९७७ ला त्यात आलं.

म्हणजे तिकडं दुसऱ्या पोरापासून सुरुवात. आपल्याकडं दुसऱ्या पोरापाशी फाटक.

कुणी म्हणेल, ही गोऱ्यांची चैन. मग १९२८ काढा. मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं. बाबासाहेब उभे राहिले. म्हणाले, आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, त्याचा बोजा बराचसा सरकारनंच उचलावा. विलायतेच्या कायद्याआधी सतरा वर्षं! पुढच्या साली इथं कायदा झाला. आपल्याला हे उसनं आणायचं नाय, घरातलंच आहे.

पोर एकदा जन्मतं, पण रोज जेवतं. म्हणून मागणी साधी : दर पोरामागं, दर महिन्याला, आईच्या हातात. पहिलं-दुसरं नाय, मुलगा-मुलगी नाय. ही भीक नाय, तिच्या कामाचा दाम आहे.

उद्या ती बाई चौथ्यांदा कचेरीत जाणार आहे. मी खाडा करून तिच्याबरोबर जातोय. तुमच्यातले कोण येताय?