इंचू चावला तर आधी दवाखाना

तायांनो, पऱ्हाटी उपटताना, सरपण काढताना इंचू चावतोच. मग कोणीतरी म्हणतं, "मांत्रिकाकडून उतरवून आणू." त्यात गेलेला वेळ जिवावर बेततो.

लाल विंचवाचं विष हृदयावर परिणाम करतं. दरदरून घाम, उलटी, हातपाय गार, धाप ही धोक्याची खूण. दुखणं कमी म्हणजे धोका कमी, असं समजू नका. लहान लेकरांना धोका जास्त.

बांगड्या, अंगठी काढा. जागा साबणाने धुवा, गार पाण्याची घडी ठेवा. दोरी आवळू नका, ब्लेडने चिरू नका. १०८ ला फोन लावा.

आपल्याच भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. त्यांनी महाडकडे प्राझोसिन गोळीने विंचूदंशाचे कितीतरी रुग्ण वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोळी रक्तदाब उतरवते, म्हणून ती डॉक्टरांनीच द्यायची. आणि रुग्ण वेळेत पोचला, तरच तिचा उपयोग.

म्हणून आजच गटाच्या वहीत लिहून ठेवा: रात्री-अपरात्री गावात गाडी कोण काढेल, त्याचा नंबर.