पडद्याचा डॉक्टर शोधताना

(नाशिकमधल्या युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



आपल्या घरांत डोळ्यांचा विचार चष्मा आणि मोतीबिंदू यांपाशी येऊन थांबतो. अम्मीला कमी दिसू लागलं की चष्म्याच्या दुकानात नेऊन नंबर बदलतो. पुन्हा कमी दिसलं की म्हणतो, मोतीबिंदू असेल, पिकू द्या. पण अम्मीला दहा वर्षांपासून साखर असेल, तर बिघाड डोळ्याच्या मागच्या पडद्यात असू शकतो. तो चष्म्याने सुधारत नाही.

या पडद्याला मराठीत दृष्टिपटल म्हणतात, डॉक्टर रेटिना म्हणतात. अरबीत तो शबकिया. शबका म्हणजे जाळं. रेटिना हा शब्दही लॅटिनमधल्या जाळ्यावरूनच आलेला आहे. इब्न अल-हैसमने हजार वर्षांपूर्वी दृष्टीवर ग्रंथ लिहिला, हे आपण अभिमानाने सांगतो. मग घरातल्या माणसाचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्यायला काय हरकत आहे?

मधुमेहात पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, काही बंद पडतात, नव्या कमकुवत वाहिन्या फुटतात आणि रक्त सांडतं. सुरुवातीला दुखत नाही, दिसतंही नीट. म्हणूनच फसगत होते. मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहाचं निदान झालं की लगेच, आणि पुढे साधारण दरवर्षी, थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा तपासायचा.

आता डॉक्टर कोणता? नेत्रतज्ज्ञ म्हणजे एम.एस., डी.एन.बी. किंवा डी.ओ. झालेला डॉक्टर. पडद्याचा तज्ज्ञ त्यानंतर व्हिट्रिओ-रेटिनाची फेलोशिप करतो. पाटीवर ती नसेल तर सरळ विचारा. विचारण्यात बेअदबी नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासता येते. आणखी तीन गोष्टी विचारा. ओसीटी, म्हणजे पडद्याचा थरांसह फोटो, तिथेच निघतो का? लेझर आणि पडद्याचं ऑपरेशन तिथे होतं का? तज्ज्ञ रोज असतात की आठवड्यातून एकदा येतात, आणि मधल्या दिवशी त्रास झाला तर कोण बघणार?

खासगीत जाणं परवडत नसेल, तर त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय आणि आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय इथून सुरुवात करा. पडद्याची सोय नसेल तर पुढची चिठ्ठी मागा. मुंबईचं जे. जे. रुग्णालयही आपलंच आहे.

पैशाचं बोलू. पडद्यावरची इंजेक्शनं बहुधा एकावर भागत नाहीत. अंदाजे किती लागतील, एकूण खर्च किती, त्याच गुणाचा स्वस्त पर्याय आहे का, हे आधी विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा. ही खैरात नाही, नागरिक म्हणून आपला हक्क आहे.

मोहल्ल्यात दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, “लेझर केलं आणि नजर गेली.” मधुमेहातलं लेझर प्रामुख्याने उरलेली नजर वाचवण्यासाठी असतं, ते उशिरा झालं, तर गेलेली नजर ते आणून देऊ शकत नाही. दुसरी, “रमजान होऊ दे.” आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1997 साली जेद्द्याच्या बैठकीत डोळ्यांच्या थेंबांनी रोजा तुटत नाही असं ठरवलं. मनात शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारा, पण तारीख पुढे ढकलू नका.

काही वेळा उद्यापर्यंतही थांबायचं नाही. अचानक विजेसारखे चमकारे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटणं, किंवा न दुखता एकदम नजर जाणं. पडदा सुटत असू शकतो. त्याच दिवशी, लागलं तर रात्रीही, दवाखाना गाठा.

आता तुमचं काम. थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं, अशा वेळी एकट्याने घरी येणं जमत नाही. अनेक घरांत अम्मी, खाला, दादी केवळ सोबत नाही म्हणून जात नाहीत. काउंटरवर मराठीत बोलायलाही त्या बिचकतात. तुम्ही बोलू शकता, फॉर्म भरू शकता, रिपोर्टची फाइल सांभाळू शकता. या आठवड्यात घरात साखर कोणाला आहे आणि पडदा शेवटचा कधी तपासला, एवढं विचारा. उत्तर “कधीच नाही” आलं, तर जवळची तारीख घ्या आणि त्या दिवशी सुट्टी काढा.