नसलेल्या बेटाचा कारभार

आज आपण एका बेटाची माहिती करून घेऊ. या बेटावर ५४ शहरे आहेत, शेती आहे, शाळा आहेत, निवडणुका आहेत. अडचण एवढीच की ते बेट नाही! शाळेच्या भिंतीवरचा नकाशा कितीही न्याहाळला तरी ते सापडायचे नाही. टॉमस मोर नावाच्या एका इंग्रज वकिलाने ते कागदावर वसवले. त्याचे हे लॅटिन पुस्तक १५१६ साली लूव्हेन येथे छापले गेले. बेटाचे नाव युटोपिया. ग्रीक शब्दांवरून बनवलेल्या या नावाचा अर्थच मुळी ‘कुठेही नसलेली जागा’ असा होतो. राजधानीजवळून वाहणाऱ्या नदीच्या नावाचा अर्थ ‘बिनपाण्याची’, आणि हकीकत सांगणारा जो प्रवासी, राफाएल हिथ्लोडे, त्याच्या आडनावाचा अर्थ ‘बाता मारण्यात पटाईत’ असा काहीसा निघतो. म्हणजे थट्टा आहे हे मोरने आधीच सांगून टाकले आहे.

मग या नसलेल्या गावच्या पाटीलकीची उठाठेव कशाला, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर त्या काळच्या इंग्लंडातल्या खेड्यांत आहे.

त्या वेळी इंग्लंडात लोकरीला चांगला भाव होता. जमीनदारांनी हिशेब केला. नांगरटीपेक्षा मेंढरे फायद्याची! एवढ्या मोठ्या रानावर एक गुराखी पुरतो. तेच रान कसायला किती माणसे लागत होती. त्यांनी शेतांना कुंपणे घातली, सामाईक कुरणे आपल्या हद्दीत ओढली, घरे पाडली. कुळे बायकापोरांसह बाहेर पडली. घरातले किडूकमिडूक मिळेल त्या किमतीला विकले, ते पैसे संपले, आणि मग पुढे दोनच वाटा राहिल्या, भीक किंवा चोरी. भीक मागितली तर तुरुंग, आणि चोरी केली तर फाशी. मोर स्वतः लंडन शहराच्या न्यायकचेरीत काम पाहत होता, तेव्हा हे सारे त्याच्या रोजच्या पाहण्यातले. त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या भागात हिथ्लोडे सरळ विचारतो की ज्याला पोट भरण्याचा दुसरा मार्गच ठेवला नाही, त्याला चोर म्हणून टांगण्यात न्याय कुठला? गरीब गाय म्हणावी तसल्या त्या मेंढरांनीच गावेच्या गावे फस्त केली, असा त्याच्या म्हणण्याचा रोख आहे.

हे झाल्यावर तो बेटाकडे वळतो. तेव्हा बेटाची हकीकत ऐकताना हे कुंपण आणि हा फास विसरून चालणार नाही.

बेट पूर्वी बेट नव्हते. मुख्य भूमीला ते एका चिंचोळ्या पट्ट्याने जोडलेले होते. युटोपस नावाच्या राजाने तो मुलूख जिंकला आणि हा पट्टा खणून काढायचा हुकूम सोडला. पंधरा मैलांचे खोदकाम! आता जिंकलेल्या लोकांना वेठीला धरणे कुठल्याही राजाला सुचते. युटोपसने आपले शिपाईही त्यांच्या बरोबरीने खोदायला लावले, कशासाठी, तर हे काम म्हणजे आपली अप्रतिष्ठा आहे असे तिथल्या लोकांना वाटू नये म्हणून. माझ्या मते या बेटाच्या राज्यकारभाराचा पाया या एका गोष्टीत आहे. घामाच्या कामात कमीपणा नाही, हे आधी धाकट्यांना सांगायचे नसते.

शहरे सगळी एका साच्याची. भाषा एक, कायदा एक, चालीरीती एक. दोन शहरांत कमीत कमी २४ मैलांचे अंतर; पण एका दिवसात पायी गाठता येणार नाही इतके दूर कुणीच नाही. प्रत्येक शहराला आपापली शेतजमीन नेमून दिलेली आहे, आणि ती वाढवावी अशी कुणाला हाव नाही, कारण हे लोक स्वतःला जमिनीचे मालक मानत नाहीत, कसणारे मानतात. घरांच्या मागे बागा. दारांना कड्या-कुलपे नाहीत. ढकलले की उघडते, आणि कुणीही आत यावे. घरातही ‘माझे’ म्हणण्यासारखे काही नाही. दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरे बदलायची! आपल्या माणसाला हे ऐकूनच घाम फुटेल. लावलेला आंबा फळाला येण्याच्या सुमारास दुसऱ्याच्या दारात. पण मोर सांगतो की तरीही ते लोक बागा जिवापाड जपतात, एका आळीची दुसऱ्या आळीशी चढाओढ चालते.

शेतकऱ्यांसाठी आता थोडे थांबतो. या बेटावर ‘शेतकरी’ अशी वेगळी जातच नाही. शहरातल्या प्रत्येकाने दोन वर्षे शेतावर राहून राबायचे. शेतावरच्या एका घरात चाळीसपेक्षा कमी माणसे नसतात. दर वर्षी त्यांतली वीस शहरात परततात आणि वीस नवी येतात. सगळी एकदम का बदलत नाहीत? कारण सगळीच नवखी असली तर एखादे वर्ष पीक बुडायचे. एक वर्ष मुरलेल्यांनी नवख्यांना शिकवायचे, पुढच्या वर्षी त्यांनी आणखी नव्यांना. शेतीची आवड असेल त्याने हवे तर जास्त दिवस राहावे. सुगीला किती हात लागतील ते शेतावरचे अधिकारी शहराला कळवतात, तेवढी माणसे नेमल्या दिवशी येतात, आणि हवा निवळ असली तर जवळजवळ सगळी कापणी एका दिवसात उरकते. नांगराला बैल. घोड्यापेक्षा बैल चिवट, रोगराई कमी, खर्चही कमी, हा त्यांचा हिशेब. कोंबड्यांची अंडी ते एकसारखी ऊब देऊन उबवतात, कोंबडीला बसवत नाहीत; त्यामुळे पिल्ले बाहेर आली की कोंबडीऐवजी माणसांच्या मागे धावतात. हे १५१६ सालचे पुस्तक आहे बरे का!

गुरुजनांनी लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की शेतीचे शिक्षण प्रत्येक मुलाला, मुलींनासुद्धा, लहानपणापासून मिळते. थोडे शाळेत, तोंडी. बाकीचे जवळच्या शेतात नेऊन. तिथे मुलांनी नुसते बघायचे नसते, हात घालायचा असतो. याशिवाय प्रत्येकाला एक धंदा यावा लागतो, विणकाम, गवंडीकाम, लोहारकाम किंवा सुतारकाम. आणि सगळी विद्या स्वतःच्या भाषेत. मोरने हे लिहिले लॅटिनमध्ये, म्हणजे जी भाषा त्याच्या गावातल्या शेतकऱ्याला कळत नव्हती त्या भाषेत; इंग्रजी भाषांतर व्हायला १५५१ साल उजाडले.

काम दिवसाला सहा तास. दुपारच्या आधी तीन, मग जेवण आणि दोन तास विसावा, नंतर तीन. सहा तासांत भागते कसे? मोरचे उत्तर सोपे आहे. राबणाऱ्यांच्या खांद्यावर बसून खाणारे जे असतात, सरदार, त्यांचे हुजरे, धडधाकट भिकारी, ते इथे नाहीत. सगळे राबतात म्हणून कुणालाच फार राबावे लागत नाही. उरलेला वेळ पुष्कळ लोक अभ्यासात घालवतात. पहाटे व्याख्याने होतात आणि ती ऐकायला माणसे आपण होऊन जातात.

आता कारभाराकडे येऊ. तीस घराण्यांनी मिळून दर वर्षी एक अधिकारी निवडायचा. त्याला सिफोग्रँट म्हणतात. आपण त्याला मुकादम म्हणू या, कारण कुणी रिकामे बसत नाही ना हे पाहणे हेच त्याचे मुख्य काम. त्याला स्वतःला कामातून सूट असते, पण तो ती घेत नाही. लोकांपुढे उदाहरण राहावे म्हणून राबतो. एका शहरात सहा हजार घराणी, म्हणून असे दोनशे मुकादम. दहा मुकादमांवर एक वरचा अधिकारी. हे दोनशे जण शपथ घेऊन, गुप्त मतदानाने, लोकांनी पुढे केलेल्या चौघांतून शहराचा प्रमुख निवडतात. प्रमुख जन्मभरासाठी, पण जुलूम करण्याची त्याची इच्छा आहे असा संशय आला की पायउतार. शिवाय प्रत्येक शहरातून तीन जाणती, वयस्क माणसे वर्षातून एकदा राजधानीत जमतात आणि सगळ्या बेटाच्या गोष्टींचा विचार करतात.

आपल्याकडे आदर्श राज्य म्हटले की रामराज्य आठवते. तिथे राजा थोर म्हणून प्रजा सुखी. मोरने राजाच्या थोरवीवर भिस्त ठेवली नाही. माणसे मध्यम प्रतीची असली तरी कारभार बिघडू नये असे नियम शोधण्याची त्याची खटपट आहे. त्यांतला एक नियम मला फार आवडतो. सभेत जो विषय ज्या दिवशी प्रथम मांडला, त्याच दिवशी त्यावर चर्चा करायची नाही! कारण माणूस तोंडाला येईल ते बोलून बसतो, आणि मग लोकांचे हित राहते बाजूला. आपण बोललो ते खरे करण्यासाठीच हट्टाला पेटतो. ज्यांनी ग्रामसभेत विहिरीच्या जागेवरून झालेली भांडणे ऐकली आहेत त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

कायदे अगदी थोडे. वकील नाहीतच, ज्याने त्याने आपले गाऱ्हाणे आपल्या तोंडाने न्यायाधीशापुढे मांडावे. लिहिणारा स्वतः वकील होता हे ध्यानात असू द्या.

सोन्याची गोष्ट बहुतेक वाचकांना तेवढीच आठवते. सोन्या-चांदीची ते रात्रीची भांडी करतात, म्हणजे लघवीची. गुन्हेगारांच्या कानांत सोन्याच्या बाळ्या, गुलामांच्या पायांत सोन्याच्या बेड्या. मोती आणि हिरे लहान पोरांच्या अंगावर. मोठी झाली की ती लाजून काढून टाकतात. एकदा परक्या देशाचे वकील अंगभर सोने घालून आले. लोकांनी त्यांच्या साध्या कपड्यांतल्या नोकरांना धनी समजून मुजरे केले आणि खऱ्या वकिलांना गुलाम समजून वाटेला लावले!

इथवर सारे ऐकायला गोड आहे. पण सोन्याच्या का होईना, बेड्या आहेत, म्हणजे त्या घालणारे कुणीतरी आहेत. मघाशी शेतावरच्या घरात चाळीस माणसे असतात असे सांगितले. पुस्तकात त्या वाक्यात आणखी दोन आहेत, दोन गुलाम. काही गुन्ह्यांची शिक्षा म्हणून झालेले, काही बाहेर देशांतून आणलेले. त्यांची मुले गुलाम होत नाहीत एवढे खरे. सामाईक भोजनगृहातले घाणीचे आणि कष्टाचे काम त्यांचे. जनावरे मारण्याचे कामही त्यांचेच. नागरिकांना ते करू देत नाहीत, कारण त्याने मनातली दया कमी होते असे तिथे मानतात. मग गुलामाच्या मनातल्या दयेचे काय? मोर त्यावर काही बोलत नाही. ज्या राजाने आपल्या शिपायांच्या हाती कुदळ दिली, त्याच्याच बेटावर एक काम असे राहिले की ते हलक्या मानलेल्या माणसांनी करायचे आणि इतरांनी स्वच्छ राहायचे. आपल्या गावगाड्याला हा हिशेब ओळखीचा आहे.

दुसऱ्या शहराला जायचे तर परवाना लागतो. परवान्याशिवाय सापडला तर बेअब्रू, दुसऱ्यांदा सापडला तर गुलामी. सार्वजनिक कामाचा खल सभेबाहेर केला तर देहदंड. अधिकाऱ्यांनी आपसांत कट करून लोकांवर जुलूम करू नये यासाठी हा नियम. पण पारावरच्या गप्पांना मरणाची शिक्षा म्हणजे औषधाने रोगी मारण्यासारखेच झाले.

आणि बेटावर माणसे फार झाली तर? पलीकडच्या भूमीवर जिथे जमीन पडीक आहे तिथे वसाहत करायची. तिथले लोक मिळून राहिले तर ठीक. विरोध केला तर हाकलायचे, आणि त्यासाठी केलेली लढाई न्यायाची मानायची. हे वाचताना आपल्याला पश्चिम किनारा आठवल्यावाचून राहत नाही. पोर्तुगिजांनी गोवे घेतले ते १५१० साली, पुस्तकाच्या सहाच वर्षे आधी. खुद्द हिथ्लोडे बेटावरून परतताना कालिकतला येतो आणि पोर्तुगीज जहाजावर बसून घरी जातो, असे मोरने लिहिले आहे.

बेटावर प्रत्येकाला आपापला धर्म पाळण्याची मोकळीक होती. मोर पुढे १५२९ साली इंग्लंडचा सर्वांत मोठा न्यायाधिकारी झाला, तेव्हा त्याने भिन्न मताच्या लोकांचा पाठलाग केला, आणि त्यांतले काही जिवंत जाळले गेले. नंतर राजा आठवा हेन्री हाच चर्चचा प्रमुख, हे मोरने शपथेवर कबूल केले नाही. ६ जुलै १५३५ रोजी त्याचे मस्तक उडवण्यात आले.

शिक्षकांना एक सुचवतो. वरच्या वर्गातल्या मुलांकडून या बेटाचा नकाशा काढून घ्यावा. आकार चंद्रकोरीसारखा; मधला भाग २०० मैल रुंद; दोन टोके वळून जवळजवळ एक वर्तुळ पुरे करतात, त्याचा घेर ५०० मैल; टोकांच्या मधली खाडी ११ मैल. हुशार मुलगा लगेच म्हणेल, गुरुजी, हे जमत नाही! ५०० मैल घेराच्या वर्तुळाचा व्यास १६० मैलांच्याही आत येतो, मग २०० मैल रुंदी बसवायची कुठे? त्याला शाबासकी द्यावी आणि तरीही जमेल तसा नकाशा काढू द्यावा. राजधानी, नदी, शेतघरे, भोजनगृहे, सभागृह, सगळे दाखवावे. जनावरे कापण्याची जागाही दाखवायला सांगावी. पुस्तकात ती शहराच्या बाहेर आहे, वाहत्या पाण्याजवळ.