जुन्या तबकड्यांची पारख

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा समुद्रकांठचा रस्ता आरे-वारेच्या टेकडीवर चढतो, तेव्हां दोहों अंगांस पुळण पसरलेली दिसते. तेथील हवा मनाला सुखद. परंतु माळ्यावरील ट्रंकेंत पडून राहिलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्यांना ती तितकीच घातक. पावसाळ्याची ओल कागदी पाकिटांत मुरते, बुरशी धरते आणि ती खांचांत उतरते. अशा घरांत मुंबईचा नातू सुटीला येऊन ट्रंक उघडतो, तेव्हां त्याच्यापुढें प्रश्न उभा राहतो : ठेवायचें काय आणि टाकायचें काय?

मिनिटाला 78 फेरे घेणारी ही तबकडी लाख आणि दगडाची पूड यांच्या मिश्रणाची. जमैकांतील रेगे गाण्यांच्या जुन्या तबकड्या जमविणारा शौकीन व्हिनिलवरचे ओरखडे आणि वांक पाहतो. लाखेची तबकडी लवत नाहीं, फुटते, म्हणून तिच्यांत केसासारखी तड आधीं शोधावी. तबकडी कडेला धरून उजेडांत तिरपी करावी. काळी चकाकी शाबूत असेल तर प्रत उत्तम. खांचा करड्या पडल्या असतील तर पोलादी पिनेनें त्या झिजविल्या असें समजावें. तथापि डोळ्यांचा निकाल कानांनीं तपासावा. ठळक ओरखडा कित्येकदां ऐकूं येत नाहीं, आणि चकाकणारी तबकडी तारस्वरांत फाटते. शंका येईल तेथें एक पायरी खालची प्रत सांगावी; विकणाऱ्याचा लौकिक त्यानेंच टिकतो.

धुतांना ऊर्ध्वपातित पाणी, सौम्य साबणाचे थेंब आणि मऊ ब्रश पुरे. मधलें लेबल भिजूं देऊं नये. स्पिरिट मात्र कधींही लावूं नये, कारण लाख त्यांत विरघळते. सुकल्यावर तबकड्या उभ्या ठेवाव्या.

परंतु प्रत म्हणजे मोल नव्हे. हिंदुस्थानांत ग्रामोफोनचें ध्वनिमुद्रण 1902 सालीं कलकत्त्यास सुरू झालें. तरीही 1922 सालीं वारलेले भास्करबुवा बखले आणि 1946 सालीं वारलेले अल्लादियाखाँ यांच्या गायनाची तबकडी रसिकांना लाभली नाहीं. त्यांची थोरवी इतरांच्या तोंडून ऐकावी लागते. उलट मास्टर दीनानाथ 1942 सालीं ऐन एकेचाळिसाव्या वर्षीं गेले, पण त्यांचा आवाज तबकड्यांनीं राखला. म्हणून दुर्मिळ तबकडी कितीही खरखरली तरी टाकूं नये; तीवरून नक्कल करून घ्यावी. मुंबईंत 1990 सालीं स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेनें हीच दृष्टि रसिकांना दिली.

आणि नातवानें एवढें ध्यानांत ठेवावें : ट्रंकेंतील जी तबकडी सर्वांत करडी, तीच त्या घरानें सर्वांत अधिक वेळां लावलेली. बाजारांत तिची प्रत खालची ठरेल. घरांत ती पहिली.