माघार आणि भेकडपणाचा आरोप

(गुंजवणे येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



राजगडाच्या पायथ्याशी बसून माघारीविषयी बोलावे, हे काहींना खटकेल. पण या विषयाला याहून उचित जागा नाही. 1665 च्या उन्हाळ्यात मिर्झाराजे जयसिंगाचा पुरंदरला वेढा पडला होता आणि दाऊदखानाची फौज राजगड, सिंहगड, रोहिडा या परिसरातील गावे जाळीत फिरत होती. मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले. जूनमध्ये शिवाजी महाराजांनी तह केला. 23 किल्ले व 4 लक्ष होनांचा मुलूख दिला. 12 किल्ले व 1 लक्ष होनांचा मुलूख राखला. राखलेल्यांत हा राजगड होता, दिलेल्यांत शेजारचा सिंहगड.

ही माघारच होती. तिला दुसरे नाव देण्याचे कारण नाही. मुलूख गेला, परंतु सैन्य वाचले आणि पेरणीच्या तोंडावर रयत वाचली. फेब्रुवारी 1670 मध्ये तानाजी मालुसरे यांनी सिंहगड घेतला, तो या वाचविलेल्या बळावर. आपण विजयाचे पोवाडे गातो. ज्या तहाने तो विजय शक्य केला, त्याचे नाव मात्र घेत नाही.

याच इतिहासाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. 1673 मध्ये उमराणीजवळ कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला सरनौबत प्रतापराव गुजर यांनी सोडून दिले. महाराजांनी त्यांना कठोर शब्दांत दोष दिल्याचे बखरी सांगतात. तो शब्द जिव्हारी लागला. फेब्रुवारी 1674 मध्ये नेसरीला ते, परंपरेनुसार अवघ्या सहा स्वारांनिशी, खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले. त्या शौर्याला वंदन करूनही म्हणावे लागते की, स्वराज्याने सेनापती गमावला आणि खान जिवंत राहिला.

आपल्या काळात हाच शब्द राष्ट्रांना युद्धात अडकवून ठेवतो. व्हिएतनाममधून निघालो तर लोक भेकड म्हणतील, ही आपली भीती अध्यक्ष जॉन्सन यांनी पुढे स्वतः बोलून दाखविली. त्या युद्धात 58 हजारांवर अमेरिकी सैनिक आणि लाखो व्हिएतनामी मेले. आपली शांतिसेना 1987 मध्ये श्रीलंकेत गेली आणि मार्च 1990 मध्ये परतली. सुमारे बाराशे जवान आपण तेथे गमावले. ती परतली म्हणून देश लहान झाला नाही. ती कोणत्या हेतूने पाठविली आणि तो हेतू साधला काय, याचा हिशेब मात्र जनतेने पुरेसा मागितला नाही.

प्रत्येक माघार शहाणपणाचीच असते, असे माझे म्हणणे नाही. मागे राहणाऱ्या मित्रांना वाऱ्यावर सोडणारी माघार निंद्यच होय. परंतु तो निर्णय हिशेबाने व्हावा, शिवीने नव्हे. भेकडपणाचा आरोप व्यासपीठावरून होतो. त्याची किंमत कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून रणांगणावर गेलेला मुलगा देतो. एकदा तो शब्द उच्चारला की चर्चा संपते, खर्चाचे प्रश्न मिटतात आणि विचारणाराच देशद्रोही ठरतो. सत्ताधाऱ्यांना नेमके हेच हवे असते.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगावी तीन साधे प्रश्न विचारावेत: हे युद्ध कशासाठी, त्यात मरतो कोण आणि त्याचा पैसा कोणाच्या ताटातून जातो? हे विचारल्याबद्दल कोणी भेकड म्हटले, तर त्याला पुरंदरच्या तहाची आठवण द्यावी.