दर शनिवारी येणारी ताई

बालगृहात वाढदिवसाचा केक घेऊन जायला पुष्कळ जण तयार असतात. पण अत्याचार सोसलेल्या मुलांना हवी असते ठरल्या वाराला न चुकता येणारी ताई.

रायपुरात काय किंवा नागपुरात काय, अशी मुलं बालकल्याण समितीच्या आदेशाने बालगृहात येतात. स्वयंसेवकाने 'काय झालं होतं?' असं खोदून विचारू नये. ते काम समुपदेशकांचं. मूल आपणहून बोललं, तर ऐकावं आणि अधीक्षकांना कळवावं. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नये. आणि जवळ घेण्याची घाई नको! छत्तीसगढची फुगडी आपल्या बसफुगडीसारखी, उकिडवं बसून, हात न धरता खेळतात. स्पर्शाला बिचकणारी मुलगीही तीत येते, हरली तर चिडतेसुद्धा. चिडू द्यावं.

फोटो तर नकोच. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. खटला चालू असेल, तर समिती मुलासोबत एक साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. कोर्टाच्या तारखा ती समजावून सांगते.

संकटातल्या मुलांसाठी हेल्पलाइन आहे १०९८.