यादीत नसलेला माणूस

(युवा कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मित्रमैत्रिणींनो, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या मोहल्ल्यात रेशन किट वाटायचे ठरले, तेव्हा मी एका रात्रीत ऑनलाइन फॉर्म तयार केला. सकाळपर्यंत शेकडो नावे आली. आम्ही खूश! चार दिवसांनी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका खालांनी विचारले, "बेटा, सगळ्यांना मिळालं म्हणे. आमचं कधी?" त्यांच्याकडे फोनच नव्हता. फॉर्ममध्ये बिघाड काहीच नव्हता, पण सगळ्यात गरजू बाई त्यात नव्हती.

आजचा विषय हाच आहे. मदत आहे, तंत्रज्ञानही आहे; मग ती शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते का?

पहिले उदाहरण केनियाचे. तिथली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा २००७ साली सुरू झाली. तिच्या प्रयोगाला ब्रिटिश सरकारच्या विकास निधीतून पैसे मिळाले होते. मूळ कल्पना छोट्या कर्जांचे हप्ते फोनवरून भरण्याची होती. पण लोक शहरातून गावी घरच्यांना पैसे पाठवू लागले आणि कंपनीने तीच मुख्य सेवा केली. साधा फोन आणि कोपऱ्यावरचा दुकानदार एवढ्यावर ती चालते. २०१६ साली तवनीत सूरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी अंदाज मांडला की, या सेवेमुळे केनियातली सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबे गरिबीतून वर आली आणि त्यात स्त्रियांचा फायदा विशेष होता. इथे यंत्रणा बनवणाऱ्यांनी लोकांचे ऐकले, हे लक्षात ठेवा.

दुसरे उदाहरण टोगोचे. पश्चिम आफ्रिकेतला हा छोटा देश. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या सरकारने 'नोविसी' योजना आणली. एवे भाषेत त्याचा अर्थ एकजूट. गरिबांची यादीच नव्हती, म्हणून मतदार ओळखपत्र वापरले. इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरून स्टार ८५५ हॅश दाबायचे, नोंदणी करायची, पैसे थेट फोनवर. राजधानी लोमेत स्त्रियांना महिन्याला १२,२५० फ्रँक आणि पुरुषांना १०,५०० फ्रँक. घर स्त्री चालवते, म्हणून तिला जास्त.

पुढे खेड्यांत जायचे होते. उपग्रहाची छायाचित्रे वापरून देशातले सर्वांत गरीब १०० भाग निवडले. त्या भागांतली गरीब माणसे त्यांच्या फोनवापराच्या पद्धतीवरून ओळखली. पैसे 'गिव्हडायरेक्टली' या संस्थेने दिले. नंतर संशोधकांनी तपासणी केली. फक्त भाग पाहून वाटप केले असते तर जितके गरीब सुटले असते, त्यापेक्षा ४ ते २१ टक्के कमी सुटले. पण देशात घरोघरी जाऊन केलेली पूर्ण यादी असती, तर तिच्या तुलनेत हे यंत्र ९ ते ३५ टक्के जास्त चुकले असते. म्हणजे घाईच्या वेळी यंत्र उपयोगी पडते. दारोदार फिरण्याची जागा ते घेत नाही. आणि ज्याच्याकडे फोनच नाही, तो यंत्राला दिसतच नाही.

तिसरे उदाहरण जड मनाने सांगतो. २०१७ मध्ये म्यानमारमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या जीव वाचवून बांगलादेशात आले. अन्न आणि इतर मदतीसाठी नोंदणी हवी होती. बोटांचे ठसे, फोटो, घरच्यांची माहिती घेतली गेली. २०२१ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने म्हटले की, बांगलादेश सरकारने किमान ८ लाख ३० हजार लोकांची नावे आणि तपशील म्यानमारला दिले. परतीसाठी कोण पात्र आहे हे ठरवायला. ज्यांच्यापासून पळून आले त्यांच्याच हातात यादी! संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने सांगितले की, लोकांची संमती घेतली होती. पण भुकेल्या माणसाची संमती किती मोकळी असते, हे तुम्हीच सांगा.

आता आपल्याकडे येऊ. कुरआनात जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत फकीर, मिस्कीन यांच्याबरोबर 'आमिलीन'ही आहेत, म्हणजे जकातीचे काम सांभाळणारे. मला यातून एवढेच कळते की, वाटप हे फावल्या वेळातले काम नाही, ती जबाबदारी आहे. आपण रमजानमध्ये जकात देऊन मोकळे होतो. ती कोणापर्यंत पोहोचली, हे विचारत नाही. दारात येऊन मागतो त्याला मिळते. हात पसरायला लाजतो तो राहून जातो.

म्हणून तीन गोष्टी मागतो. पहिली, फॉर्म भरून घ्या, पण दहा घरांमागे दोन घरी स्वतः जा आणि 'तुमच्या ओळखीत कोण सुटलं?' हे विचारा. दुसरी, लागेल तेवढीच माहिती घ्या आणि वाटप झाल्यावर पुसून टाका. कोणाच्या हातात किट देतानाचा फोटो तर मुळीच नको. तिसरी, जो यादीत नाही त्याला तक्रार करायला एक माणूस ठेवा, केवळ नंबर नको.

त्या खालांना आम्ही त्याच संध्याकाळी किट दिले. त्या म्हणाल्या, "पलीकडच्या चाळीतल्या दोघी पण राहिल्यात." माझ्या यादीतली सगळ्यात कामाची नोंद तीच होती.